बाग उघडी ठेवूनच दुरुस्ती करा

महोदय,
मलबार हिलच्या हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा ब्रिटिशकालीन जलाशय आहे. तो पाडून नव्याने बांधायचा घाट २०२३ मध्ये घातला गेला, तेव्हा बाग काही वर्षे बंद राहणार होती, शेकडो झाडांवर गदा येणार होती. रहिवाशांनी नुसता विरोध केला नाही. आधी टाकी नीट तपासा, असा हट्ट धरला. आयआयटीच्या प्राध्यापकांसह समिती नेमली गेली आणि पुढे पाडकाम टळून दुरुस्तीचा मार्ग निघाला. झुडपे कातरून केलेल्या प्राण्यांपुढे आजही नातवंडांना उभे करून आजोबा फोटो काढतात. इथे तिकीटही लागत नाही! म्हणून विनंती, दुरुस्ती टप्प्याटप्प्याने करा, पण फाटकाला कुलूप लावू नका.
– एक नियमित फिरणारा, मुंबई