गारपिटीत पोचे पडलेली चालती गाडी 'टोटल लॉस' ठरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वाहन विमा दावे विभाग

विषय: गारपिटीत नुकसान झालेल्या गाडीचा दावा 'टोटल लॉस' ठरवण्याच्या निर्णयाविरुद्ध तक्रार आणि फेरसर्वेक्षणाची मागणी.

महोदय,

आपल्या दावे विभागाचे पत्र मला मंगळवारी मिळाले. त्यात जेमतेम तीन वाक्ये आहेत. दुरुस्ती 'आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याने' माझी गाडी टोटल लॉस ठरवली आहे, सोबतच्या संमतीपत्रावर मी सही करावी, आणि येत्या सोमवारी गाडी उचलायला माणूस येईल. कोणता आकडा कोणत्या आकड्याच्या वर गेला, याबद्दल एक अक्षरही नाही.

जी गाडी तुम्ही मोडीत काढली आहे, ती मी आज सकाळीच चालवून आले. आठवड्यातून तीन दिवस आईला फिजिओथेरपीला न्यावे लागते. तिचा गुडघा वाकत नाही, आणि या गाडीची पुढची सीट तिला बसायला-उतरायला नेमक्या उंचीची आहे. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, एसी, सगळे सुरळीत आहे. एकही दार अडकत नाही. गाडी सहा वर्षांची आहे आणि तिला याआधी एकदाही अपघात झालेला नाही. तिच्यावर पोचे आहेत, मागची काच फुटली आहे, एक टेललाइट गेला आहे. हे नुकसान खरे आहे आणि त्याच्या भरपाईसाठीच मी दावा केला. गाडी विकायला मी आले नव्हते.

त्या दिवशी गारा दहा-बारा मिनिटे पडल्या. सुरुवातीला गोटीएवढ्या होत्या, शेवटच्या तीन-चार मिनिटांत टेबल टेनिसच्या चेंडूएवढ्या झाल्या. पाऊस थांबल्यावर त्यातली एक मी पट्टीशेजारी ठेवून फोटो काढला. ३८ मिलिमीटर भरली. हा फोटो दाव्यासोबत पहिल्याच दिवशी पाठवला होता.

तुमच्या सर्व्हेयरने गाडी पाहिली ती पाहणी शिबिरात, मोकळ्या मैदानावर, भर दुपारी. माझ्या पुढे-मागे गाड्यांची रांग होती. त्यांच्यावर किती ताण होता ते मी डोळ्यांनी पाहिले, आणि त्या गृहस्थांबद्दल माझी वैयक्तिक तक्रार नाही. एका दुपारच्या गारपिटीत गावच्या गाव तुमच्या दारात उभे राहते, हे मला समजते. पण माझ्या गाडीला त्यांनी दिलेला वेळ पंधरा मिनिटांहून कमी होता. गाडी धुतलेली नव्हती, तिच्यावर सुकलेल्या चिखलाचे थेंब होते, आणि ऊन थेट डोक्यावर होते. गारांचे पोचे उथळ असतात. वरून पडणाऱ्या उन्हात काही दिसतच नाहीत, आणि काही ठिकाणी चिखलाचा डागही पोच्यासारखा दिसतो.

म्हणून परवा रात्री मी गाडी धुऊन पुसली आणि एक लांब ट्यूबलाइट आडवी धरून पत्र्यावरून हळूहळू फिरवली. सपाट पत्र्यावर ट्यूबचे प्रतिबिंब सरळ रेषेसारखे पडते. जिथे पोचा असतो, तिथे ती रेषा आत ओढल्यासारखी वाकते. प्रत्येक पोच्याशेजारी कागदी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावत गेले. टपावर ८६, बॉनेटवर ५८, डिकीवर २३, दोन्ही फेंडरवर मिळून १९, चारही दारांवर मिळून २२ आणि टपाच्या कडेच्या पट्ट्यांवर १७. एकूण २२५. त्यातले २५ मिलिमीटरपेक्षा मोठे फक्त ३१, आणि त्या ३१ पैकी १९ एकट्या बॉनेटवर. सर्व्हेच्या कागदावर टपासमोर '१५०+' लिहिले आहे आणि बाकी सगळ्या भागांसमोर एकच शब्द आहे: 'बदलणे'.

माझी मुख्य तक्रार या 'बदलणे' शब्दाबद्दल आहे.

मागच्या डाव्या दारावर दोन पोचे आहेत. दोन. दोन्ही माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा लहान. एस्टिमेटमध्ये ते अख्खे दार नवीन घालून रंगवायचे धरले आहे. टपाचे तर त्याहून वाईट. बॉनेट बोल्टने बसवलेले असते, चार बोल्ट काढले की सुटते. टप गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंग केलेला असतो. तो बदलायचा म्हणजे पुढची-मागची काच काढायची, आतले अस्तर उतरवायचे, कडेच्या एअरबॅग आणि वायरिंग बाजूला करायचे, कारखान्यातले वेल्डिंग तोडायचे, नवीन पत्रा जोडायचा, सांधे बुजवायचे आणि मग सगळे रंगवायचे. ज्या गाडीचा सांगाडा गारांनी कणभरही हलला नाही, तो सांगाडा दुरुस्तीसाठी कापायचा, असा हा हिशेब आहे. आणि एवढे काम धरले की खर्च वाढणारच.

गारांच्या पोच्यांसाठी रंग न घालवता पत्रा मागून दाबून वर आणायची पद्धत आहे, जिला गॅरेजमध्ये सगळे पीडीआर म्हणतात. अस्तर थोडे सैल करून लांब दांडीने आतून पोच्यावर हळूहळू दाब देतात, किंवा जिथे हात पोहोचत नाही तिथे बाहेरून गोंदाने पकड चिकटवून ओढतात. कंपनीचा मूळ रंग तसाच राहतो. ही पद्धत तुमच्यासाठी नवी नाही. गारपिटीच्या दाव्यात प्रत्येक भागावर किती पोचे आणि ते केवढे यावरून दर काढायचे तक्तेच तुमच्या क्षेत्रात वापरले जातात, कडेवरच्या किंवा अॅल्युमिनियमवरच्या पोच्यांना जादा दर धरला जातो. मग माझ्या दाव्यात तो तक्ता उघडलाच का गेला नाही, असे मी फोनवर विचारले. उत्तर मिळाले: "मॅडम, तुमच्या गाडीचे पॅनेल अॅल्युमिनियमचे आहेत, त्यावर पीडीआर होत नाही."

मी घरातल्या फ्रिजवरचे चुंबक घेऊन खाली गेले. टपाला चिकटले. चारही दारांना, फेंडरना, डिकीला चिकटले. फक्त बॉनेटवरून घसरून खाली पडले. म्हणजे अॅल्युमिनियम आहे ते बॉनेटपुरते. त्याच बॉनेटवर तीन ठिकाणी रंगाला तडे गेले आहेत आणि मोठ्या पोच्यांत पत्रा ताणला गेला आहे. ते बदलावे लागेल हे मलाही मान्य आहे. पण एका बॉनेटच्या धातूवरून सगळ्या गाडीचा निकाल लावला गेला. हे तपासायला दहा सेकंद लागतात.

आता आकडे. माझ्या पॉलिसीत लिहिले आहे की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला तर ती टोटल लॉस धरली जाईल. तुमचे एस्टिमेट विमा मूल्याच्या ८२ टक्के आहे. त्यात टप २४ टक्के, दारे आणि फेंडर २७, बॉनेट आणि डिकी १६, काच आणि टेललाइट ६, रबरी पट्ट्या वगैरे २, आणि 'न दिसणाऱ्या नुकसानीसाठी' ७. मी एका अनुभवी पीडीआर कारागिराला गाडी दाखवली. त्याने दीड तास दिवा लावून पाहिली आणि लेखी कोटेशन दिले. बॉनेट सोडून सगळे पोचे काढण्याचे २७ टक्के. नवीन बॉनेट रंगासह ८ टक्के. काच, टेललाइट आणि पट्ट्या तुमच्याच एस्टिमेटप्रमाणे ८ टक्के धरल्या. बेरीज ४३.

गाडी तीच आणि पोचेही तेच. एका पद्धतीने ८२, दुसऱ्या पद्धतीने ४३. माझी गाडी टोटल लॉस झाली ती गारांमुळे नव्हे, दुरुस्तीची कोणती पद्धत कागदावर धरली त्यामुळे.

'न दिसणाऱ्या नुकसानी'बद्दलही लिहायला हवे. धडक बसलेल्या गाडीत ही तरतूद मला समजते, कारण बंपरच्या मागे काय वाकले आहे ते खोलल्याशिवाय कळत नाही. गार वरून पडते, पत्र्यावर आपटते आणि खाली घरंगळते. आत पाणी गेले असेल तर ते मागच्या फुटलेल्या काचेतून, आणि ती जागा मी त्याच दिवशी प्लास्टिकने झाकली होती. आतले कापड कोरडे आहे. मग हे ७ टक्के नेमके कशाचे?

फोनवर तुमच्या अधिकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही. ते म्हणाले, "सॅल्व्हेजची बोली चांगली आली आहे, ३५ टक्के." म्हणजे आहे त्या स्थितीत गाडी घ्यायला कोणीतरी विमा मूल्याच्या ३५ टक्के द्यायला तयार आहे. कंपनीच्या बाजूने हिशेब सरळ आहे. मला १०० द्यायचे, गाडी विकून ३५ परत मिळवायचे, निव्वळ खर्च ६५. दुरुस्तीला ८२ लागणार असतील तर टोटल लॉस स्वस्त. हा हिशेब व्यवहारात केला जातो हे मी समजू शकते. पण यातून होते असे की, पोच्यांखालची गाडी जितकी धडधाकट, तितकी बोली मोठी, आणि बोली जितकी मोठी तितकी ती गाडी मालकाच्या हातून लवकर जाते. गारांच्या गाड्यांना बोली जास्त येते, कारण त्या चालतात. माझ्या गाडीवर बोली लावणारा तिला कापून विकणार नाही. तो नेमके तेच पीडीआर करून घेईल, जे माझ्या बाबतीत होत नाही म्हणून सांगितले गेले.

आणि तुमच्याच हिशेबात माझे ४३ टक्के ठेवून पाहा. ४३ हे ६५ पेक्षा २२ ने कमी आहेत. दुरुस्ती तुम्हालाही स्वस्त पडते. शिवाय पॉलिसीतल्या वाक्यात सॅल्व्हेजचा उल्लेखच नाही. तिथे फक्त दुरुस्तीचा खर्च आणि विमा मूल्य आहे. निर्णय पॉलिसीच्या वाक्यावर झाला की लिलावाच्या बोलीवर, ते मला लेखी हवे आहे.

गाडी माझ्याकडेच ठेवायची असेल तर बोलीची रक्कम वजा करून ६५ टक्के देऊ, असाही पर्याय सांगितला गेला. पहिल्यांदा ऐकताना तो बरा वाटतो. पण टोटल लॉसची नोंद एकदा झाली की ती गाडीला कायमची चिकटते. पुढचा विमा काढताना किंमत कमी धरली जाते, कधी विमा द्यायलाच नकार मिळतो, आणि विकताना गिऱ्हाईक नोंद बघूनच मागे फिरते. कागदावर सांगाडा मोडलेली गाडी आणि पोचे पडलेली गाडी यांत फरक उरत नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून राइट-ऑफ, म्हणजे टोटल लॉस, झालेल्या पण दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाड्यांची नोंद दोन वेगळ्या वर्गांत होते: सांगाड्याला इजा झाली असेल तर 'एस', नसेल तर 'एन'. हा भेद करता येतो आणि केला जातो. माझ्या गाडीच्या कागदावर सध्या कारण म्हणून फक्त 'नैसर्गिक आपत्ती' लिहिले आहे. पुरात बुडालेल्या गाडीवरही हेच लिहिले जाईल. उद्या माझी गाडी घेणाऱ्याने यातून काय समजायचे?

म्हणून माझी मागणी अशी. हा दावा पुन्हा उघडा. गाडी धुतलेल्या अवस्थेत, सावलीत, दिव्याखाली तिचे फेरसर्वेक्षण करा आणि भागागणिक पोच्यांची संख्या व आकार लिहून पीडीआरचे एस्टिमेट काढा. तुमच्या पसंतीच्या कारागिराकडून काढले तरी माझी हरकत नाही. मी लावलेल्या चिकटपट्ट्या अजून तशाच आहेत, मोजायला सोपे जाईल. बॉनेटच्या बाबतीत तुमचा निर्णय मला मान्य असेल. दुरुस्ती सुरू झाल्यावर एखादा पोचा निघाला नाही, तर त्या भागापुरते पुरवणी एस्टिमेट करता येते. त्यासाठी आधीच सगळी गाडी बदलायला काढायची गरज नाही. आणि फेरसर्वेक्षणानंतरही तुम्ही टोटल लॉसवर ठाम राहिलात, तर पूर्ण हिशेब, सॅल्व्हेजच्या बोलीचा कागद आणि 'फक्त गारांचे नुकसान, सांगाडा शाबूत' अशी स्पष्ट नोंद मला द्या.

तोपर्यंत सोमवारी गाडी उचलायला कोणालाही पाठवू नये. संमतीपत्रावर मी सही केलेली नाही आणि दोन्ही चाव्या माझ्याकडे आहेत. सोमवारी सकाळी साडेनऊला आईची फिजिओथेरपीची वेळ आहे, त्यामुळे अकरापर्यंत गाडी घरी नसेल. फेरसर्वेक्षणासाठी त्यानंतर केव्हाही या.

पोच्यांचे भागवार फोटो, गारेचा पट्टीसह फोटो, पीडीआरचे लेखी कोटेशन आणि तुमच्या एस्टिमेटची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
पॉलिसीधारक