रात्रीचा कुकर थोरल्याच्या नावावर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

थोरला बारा वर्षांचा झाला, धाकटी आठची, आणि दोघांना अजून पाण्याचा पेलासुद्धा हातात लागतो, असं लिहिलंयस. सुट्टी लागलीय, तर काय शिकवू आणि कुठून सुरू करू, हे विचारलंस. सविस्तरच लिहितो.

आधी ‘मदत’ हा शब्द घरातून काढून टाक. ‘आईला जरा मदत कर’ म्हटलं की काम आईचं ठरतं आणि मूल पाहुणं. मग सांगितलं तेवढंच होतं, आणि लक्षात ठेवायचं ओझं तिच्याच डोक्यावर राहतं. त्यापेक्षा एकच काम अथपासून इतिपर्यंत मुलाच्या नावावर कर. थोरल्याकडे रात्रीचा कुकर दे. कुकर त्याचा, म्हणजे डब्यातले तांदूळ संपत आलेत हे बघणं त्याचं आणि नंतर रिंग धुऊन ठेवणंही त्याचंच.

पहिल्या दिवशी तू कर आणि प्रत्येक गोष्ट का करतोस ते बोलत जा. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून. तिसऱ्या दिवसापासून तो करेल, तू हात मागे बांधून शेजारी उभा राहा. भाजण्याची भीती असेल तिथेच बोल, बाकी चुकलं तर चुकू दे. पुढचे पंधरा दिवस तरी गॅस चालू असताना मोठं माणूस स्वयंपाकघरात हवंच.

गॅसचा धडा कुकरच्या आधी. बटण फिरवलं की लगेच लायटर. दोन-तीनदा खटका दाबून पेटला नाही, तर बटण बंद करून खिडकी उघडायची आणि थोडं थांबायचं. नुसतं खटखट करत राहिलं की तेवढा वेळ गॅस साठतो आणि मग एकदम भडका उडतो. घरात गॅसचा वास आला तर विजेच्या कुठल्याही बटणाला हात नाही, ना लावायला, ना बंद करायला. ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, म्हणून खिडकीबरोबर दारही उघडायचं. रेग्युलेटर बंद करायचा, घराबाहेर यायचं आणि १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. हा आकडा फ्रिजवर चिकटव.

आता कुकर. चौघांसाठी दीड वाटी तांदूळ, दोनदा धुऊन, तीन वाट्या पाणी. नवा इंद्रायणी असेल तर पाणी पाव-अर्धी वाटी कमी. तूरडाळ पाऊण वाटी, पाणी सव्वादोन वाट्या, चिमूटभर हळद, हिंग आणि दोन थेंब तेल. तेलामुळे फेस कमी येतो. मुलांची नेहमीची चूक म्हणजे तांदूळ एका वाटीने आणि पाणी हाताला लागेल त्या दुसऱ्या भांड्याने मोजणं. भात गिच्च नाहीतर कच्चा होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. एक वाटी फक्त मापासाठी ठेव आणि ती तांदळाच्या डब्यातच राहू दे.

कुकरच्या तळात दीड पेला पाणी, त्यावर जाळी, मग डाळीचा डबा आणि वर भाताचा. डाळीला आच जास्त लागते म्हणून ती खाली. झाकण लावण्याआधी ते उजेडाकडे धरून शिट्टीच्या नळीतून आरपार बघायचं. पलीकडचा उजेड दिसलाच पाहिजे. आत भाताचं शीत अडकलेलं असलं तर वाफेला वाट उरत नाही. हे बघणं रोज, न चुकता. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग मध्यम. तीन शिट्ट्या झाल्या की पाच मिनिटं बारीक आच आणि गॅस बंद. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं झाकणाला हात नाही. मग चमच्याच्या टोकाने शिट्टी किंचित उचलायची. फुस्स झालं तर अजून थांबायचं, मुळीच आवाज नसेल तरच उघडायचं, तेही झाकणाची कड आपल्यापासून लांब धरून.

काय बिघडू शकतं तेही त्याला आधीच सांगून ठेव. कडेने वाफ सुटतेय आणि शिट्टी होत नाही, तर रिंग कडक झालीय किंवा नीट बसलेली नाही. गार झाल्यावर रिंग काढून दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवली तर तात्पुरतं काम भागतं. पुन्हा तसंच झालं तर नवी आणायची. शिट्टीतून पिवळं पाणी उडतंय, तर आच मोठी आहे नाहीतर डाळीचा डबा अर्ध्याच्या वर भरलाय. जळका वास आला आणि शिट्टी नाही, तर तळात पाणी घालायचं राहिलं. गॅस बंद करून कुकर आपोआप गार होऊ द्यायचा, तापलेल्या कुकरवर पाणी ओतायचं नाही. डाळ टणटणीत राहिली, तर ती जुनी असेल किंवा बोअरचं जड पाणी असेल. आधी अर्धा-एक तास भिजत घालायची.

धाकटीला केर-लादी दे, पण पूर्ण घराची नको, एका खोलीची. पंखा बंद करायचा, कोपऱ्यांपासून दाराकडे झाडत यायचं, खुर्च्या सरकवायच्या. फरशी पुसताना आपण मागे मागे सरकायचं, नाहीतर आपलीच पावलं ओल्या फरशीवर उमटतात. फडकं पिळणं मुलांना जमत नाही, कारण ती दोन्ही हात एकाच दिशेने फिरवतात. तिच्यासमोर बसून एक मूठ आत, दुसरी बाहेर, असं हळू दाखव. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढलं, तिथे पुसणं, ओतणं, बटणं लावणं हे लहान मुलांच्या शिक्षणातच होतं. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा महागड्या साहित्याऐवजी आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूच वापरल्या. तुलाही काही विकत आणायला नको, फक्त फडकं तिच्या मुठीत मावेल एवढं कापून दे.

आपलं ताट दोघांनीही घासायचं. आधी पेले, मग ताटं-वाट्या, तेलकट कढई शेवटी. कणकेची परात गार पाण्यातच भिजवायची, गरम पाण्याने कणीक आणखी चिकटते. आणि हे मुलालाही तेवढंच, मुलीलाही तेवढंच. या कामांचे पैसे देऊ नकोस; ताट त्यांचंच आहे.

कोपऱ्यात केर राहिला तर धाकटीच्या मागून तू झाडू नकोस. मुलांना ते लगेच कळतं, आणि आपल्या झाडण्याला काही अर्थ नाही असं वाटून दुसऱ्या दिवशी ती हातच राखतात. ‘कपाटाखाली वाकून बघ बरं’ म्हण आणि तिच्याच हातात केरसुणी दे. थोरल्याचा पहिला भात गिच्च होईलच. त्या रात्री बाहेरून जेवण मागवू नका. दही, मीठ आणि जिरं-मिरचीची फोडणी घालून त्याचाच दहीभात करा, आणि तांदूळ-पाण्याचं माप त्याच्याच हाताने एका कागदावर लिहून घे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पहिल्या आठवड्यात काय झालं ते कळव. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा मित्र