शॉकमधली हवा सोडायला लावणाऱ्या काकांना

प्रिय काका,

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता आणि चेन शेवटची कधी पुसलीस ते विचारता. म्हणून लिहून काढतेय. आणि चारचौघांत लिहितेय, कारण पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या सायकलला मोटार बसवायच्या विचारात आणखीही कुणी असेल, त्यालाही तुमच्या त्या तीन संध्याकाळींचा उपयोग व्हावा.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली, पण चढावर जोर लावायला सक्त मनाई केली. डोंगरातल्या वाटांवरून चढच वजा केला तर उरतं काय? सायकल विकायचा विचारही सहन होत नव्हता. चाकांना वर-खाली व्हायला १४० मिलिमीटर जागा (ट्रॅव्हल), १४ किलो वजन, आणि तिच्या प्रत्येक ओरखड्यामागची जागा मला पाठ. तुमच्याकडे आले ती मागच्या चाकात बसणारी हब मोटार घ्यायचं पक्कं करूनच. तुम्ही "नको" म्हणाला नाहीत. मागचं चाक काढून माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "ह्यात अजून तीन-चार किलो आहेत असं समज, आणि मग हे दगडावरून वर-खाली नाचव बघू."

एवढ्यात कळलं. हब मोटारीचं वजन शॉकच्या (धक्के झेलणाऱ्या, हवेवर चालणाऱ्या दांड्याच्या) खालच्या बाजूला, म्हणजे थेट चाकात येतं. खडबडीत वाटेवर चाक झटकन वर जाऊन झटकन खाली यायला हवं. ते जड झालं की शॉकला आवरत नाही, टायर जमीन सोडतं. त्यात मोटार जोर लावते तेव्हा आस उलटा फिरायला बघतो आणि तो सगळा पीळ ड्रॉपआउटवर, म्हणजे फ्रेमच्या ज्या खाचेत आस बसतो तिच्यावर येतो. माझ्या फ्रेमची ती खाच ॲल्युमिनियमची, बारीकशी. तुम्ही नखाने दाखवलीत आणि काहीच बोलला नाहीत.

मग पायडलच्या क्रँकपाशी बसणारी मिड-ड्राइव्ह मोटार ठरली. वजन खाली आणि मधोमध राहतं, आणि मागचे गिअर मोटारीलाही वापरता येतात, त्यामुळे चढावर ती गुदमरत नाही. बाफांग कंपनीच्या बीबीएस-०२ मोटारीला ६८ किंवा ७३ मिलिमीटर रुंदीचा, आटे असलेला बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस बसतो तो फ्रेमचा भाग) लागतो. तुम्ही कॅलिपर लावलात, ७३ आले, आतले आटे शाबूत निघाले, आणि मी अक्षरशः टाळी वाजवली. दाबून बसवलेला प्रेस-फिट असता तर अडॅप्टर शोधण्यापासून सुरुवात होती. पण तुम्ही खूश व्हायला तयार नव्हता. मोटारीच्या गिअरचं गोल घर चेनरिंगच्या आत बसतं आणि दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या सायकलींत नेमका तिथेच मागच्या चिमट्याचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यांचा, जाड भाग असतो. तुम्ही मापाने पुठ्ठ्याची गोल चकती कापलीत, मधे भोक पाडून बॉटम ब्रॅकेटवर धरलीत आणि मागचा चिमटा हाताने वर-खाली करून पाहिलात. चार मिलिमीटर जागा उरत होती. तेव्हा कुठे मोटार मागव म्हणालात.

पुढची गोष्ट लिहायलाच हवी, कारण ह्या पत्राचं कारण तीच आहे.

किट आलं आणि मला धीर धरवला नाही. दोन दिवस घरी बसून सगळं एकटीने बसवलं. मोटार चढवली, ४८ व्होल्टची बॅटरी पुढच्या त्रिकोणात खालच्या दांड्यावर बाटलीच्या बोल्टांवर बसवली, वायरी टायने बांधून काढल्या. दिसायला इतकं नीटनेटकं झालं होतं की तुमच्याकडे मी ते फक्त दाखवायला आले होते. बटण दाबून आवाज ऐकवायचा होता. तुम्ही एकदा सगळीकडून फिरून पाहिलंत आणि विचारलंत, "दाबून बघितलंस?" मला वाटलं, बटणाचं विचारताय. तुम्ही शॉकच्या व्हॉल्व्हचं टोपण काढलंत, पिन दाबून सगळी हवा सोडलीत आणि सीटवर दोन्ही हात ठेवून सायकल खाली दाबत नेलीत.

अर्ध्यात वायर ताणली गेली. आणखी थोडं दाबल्यावर मोटारीजवळून कुरकुर ऐकू आली. आणि अगदी तळाशी, शॉकचे शेवटचे सात-आठ मिलिमीटर राहिले असताना, वरचा रॉकर (चिमट्याला शॉकशी जोडणारा हलता दुवा) बॅटरीच्या कोपऱ्याला टेकला. "टक" एवढाच आवाज. तुम्ही तिथेच थांबून मला खाली वाकून बघायला लावलंत. रॉकरच्या बोल्टचं डोकं बॅटरीच्या कवचावर बरोबर मधोमध टेकलं होतं.

सायकल उभी असताना त्या दोघांत तीन बोटांचं अंतर होतं. मी तेच मोजलं होतं. एका मोठ्या उडीनंतर तो बोल्ट माझ्या वजनासकट त्या पॅकमध्ये घुसला असता. आत १८६५० मापाचे ५२ सेल, तेरा-तेरांच्या चार ओळी, पूर्ण चार्ज असले की ५४.६ व्होल्ट. लिथियमच्या सेलला असं भोक पडलं तर आतल्या आत शॉर्ट होऊन तो पेटू शकतो, आणि एक पेटला की शेजारचेही तापत जातात. हे सगळं माझ्या दोन गुडघ्यांच्या मधे झालं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही काका, आणि तुम्ही मात्र त्या क्षणी शांतपणे म्हणालात, "ही सायकल उभी असताना मोजायची नसते बाळा. बसलेली असताना मोजायची."

त्या एका वाक्यावर आपण सगळं उलगडून पुन्हा बांधलं. ती कुरकुर कशाची होती ते कळायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. मोटार जोर लावते तेव्हा तिचं धूड वर, खालच्या दांड्याकडे फिरायला बघतं. ते फिरू नये म्हणून आधाराची पट्टी येते, आणि साध्या सायकलींवर लोक ती मागच्या चिमट्याला टेकवून आवळतात तसं मीही केलं होतं. पण माझ्या सायकलीत मागचा चिमटा हलतो आणि बॉटम ब्रॅकेट जागचा हलत नाही! म्हणजे प्रत्येक खड्ड्याला ती पट्टी मोटारीलाच उपटत राहिली असती. तुम्ही पट्टी मोकळी केलीत, मोटार आधीच वर फिरवून दांड्याला भिडवलीत, मधे कडक रबराचा तुकडा घातलात आणि मग लॉकनट आवळलात. आता तिला फिरायला जागाच नाही. नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून दिलीत, सैल झाला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून. दर राइडला बघते. अजून सरळ आहे.

बॅटरीसाठी दांड्याला नवी भोकं पाडू का असं मी विचारल्यावर तुमच्या चेहऱ्यावर आलेली नाराजी मला आजही आठवते. तुम्ही लांब खाचांची पट्टी बनवून बाटलीच्या त्याच बोल्टांवर बसवलीत आणि बॅटरी पुढे, हँडलच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत सरकवलीत, वरून रुंद पट्टा. पुन्हा हवा सोडून सायकल तळाला टेकवली तेव्हा मधे माझी करंगळी मावत होती. मागच्या चाकाच्या स्पीड सेन्सरची वायर तुम्ही चिमट्याच्या मुख्य खिळीच्या अगदी जवळून वळवून नेलीत, कारण फिरणाऱ्या भागाच्या मध्याजवळ अंतर सगळ्यांत कमी बदलतं. इतकी साधी गोष्ट, आणि मी वायर लांबून, सरळ, ताणून नेली होती. चेनचंही तेच. शॉक दबत जातो तसा मागचा आस क्रँकपासून लांब जातो, म्हणून चेनची लांबी तुम्ही तशा दबलेल्या अवस्थेत, मागच्या सगळ्यांत मोठ्या चकतीवर टाकून मोजलीत. मी कापली होती तेवढी चेन मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ओढून मोडायला पुरेशी आखूड होती.

बाकीचं भराभर झालं. बॅटरी जोडताना उडणाऱ्या ठिणगीसाठी ठिणगी रोखणारा एक्सटी-९०-एस कनेक्टर, ब्रेक दाबताच मोटार बंद करणारे चुंबकाचे सेन्सर, गिअर बदलताना क्षणभर मोटार थांबवणारा सेन्सर गिअरच्या केबलवर. ह्या मोटारीला पायाचा जोर कळत नाही, पायडल फिरतंय एवढंच कळतं, आणि पाय थांबल्यावरही ती क्षणभर ओढत राहते. म्हणून ब्रेकचे सेन्सर नसतील तर बाहेर काढायची नाही, ही तुमची अट मला शंभर टक्के पटली आहे. कंट्रोलर २५ ॲम्पिअरपर्यंत देतो, तो तुम्ही १८वर आणून ठेवलात. मला तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं. पण त्या चढावर मला जेवढं हवं तेवढं १८त मिळतं, चेन आणि मागच्या चकत्या टिकतात, आणि बॅटरी घरी परतेपर्यंत पुरते.

आता सायकल २१ किलोची आहे. मागच्या शॉकमध्ये जुन्याच दाबाची हवा भरून मी पहिल्या राइडला निघणार होते, तेवढ्यात तुम्ही दारातून ओरडलात, "सॅग!" म्हणजे नुसतं बसल्यावर वजनाने शॉक किती दबतो ते आधी बघायचं. मी पूर्ण सामानासकट सीटवर बसले, तुम्ही शॉकच्या दांडीवरचं रबरी कडं सरकवलंत. मी हळूच उतरले. शॉकच्या ५५ मिलिमीटरांत कडं २१वर होतं. दोनदा हवा भरून ते १६वर आल्यावरच तुम्ही मला सोडलंत.

गेल्या महिन्यात मी चार वेळा वर जाऊन आले. तिसऱ्या वळणानंतरचा मुरमाचा चढ, जिथे ऑपरेशनच्या आधीही मी उतरून ढकलत जायची, तो बसून चढले. गुडघा दुखला नाही. वर पोचल्यावर मोटार बंद केली आणि खाली येताना ती आहे हेही विसरले, इतकं सस्पेन्शन पूर्वीसारखं चालतंय. त्या उतारावर मला रडू आलं, हे तुम्हाला समोर सांगता आलं नसतं.

पुठ्ठ्याची ती चकती मी जपून ठेवली आहे. ओळखीतल्या एकीलाही अशीच मोटार बसवायची आहे. तिला मी आधी शॉकची हवा सोडायला सांगितलं आहे, आणि पुठ्ठा कापायला शनिवारी आम्ही दोघी तुमच्याकडे येतोय. चेन पुसून आणते.

तुमचीच,
गुडघेवाली