पाऊण मात्रेचा प्रतिध्वनी

हमामात्सु, जपान
रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

चार वर्षे कपाटावर पडून असलेली गिटार मी एकाएकी रोज कशी वाजवू लागले, आणि त्यासाठी गिटारचा आवाज बदलणाऱ्या त्या पेडलच्या पेट्यांवर पैसे घालण्याची खरोखर गरज होती का, असे बाबांनी परवा फोनवर विचारले. तेव्हा मला नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. साधने वाढवून साधना वाढत नाही, हे बाबांचे म्हणणे मला बहुतांशी मान्य आहे. तरीही माझ्या बाबतीत काय घडले ते तुम्ही ऐकावे असे मनापासून वाटते.

हे शहर वाद्यांचे आहे. यामाहा, कावाई आणि रोलँड या तिन्ही कंपन्यांची मुख्यालये इथेच असून गिटारची बॉस पेडल्स रोलँडच्याच घरातली आहेत. मार्चमध्ये जुन्या सामानाच्या एका दुकानात मला त्यांचे नारिंगी डिस्टॉर्शन पेडल मिळाले. तळहाताएवढी धातूची पेटी, कडांचा रंग उडालेला, वर तीन खुंट्या. हे मॉडेल १९७८ मध्ये निघाले. तारेतून आलेल्या लहरी आतल्या भागात आधी खूप वाढवल्या जातात आणि मग त्यांचे शेंडे छाटले जातात, त्यामुळे आवाज खरखरीत तर होतोच, पण सूर विझायलाही पुष्कळ वेळ लागतो. माझ्यासाठी महत्त्वाचे होते ते हे दुसरे. साध्या गिटारवर तार खेचून मींड घ्यावी, तर वरच्या सुरापर्यंत पोहोचेतो नाद मावळलेला असे. त्या संध्याकाळी गंधारावरून मध्यमावर गेलेली मींड प्रथमच शेवटपर्यंत ऐकू आली आणि मी तेवढी एकच जागा तासभर घोटत बसले.

आठवड्याभरात पेडल मुके झाले. ते बिघडले असे मला वाटले, पण संपली होती ती नऊ व्होल्टची बॅटरी. या पेट्यांत गिटारची वायर खोचली की बॅटरी जोडली जाते. पायाने पेडल बंद केले तरी वायर काढेपर्यंत ती उतरत राहते. मग मी अडॅप्टर घेतला, पेडल्स एका फळीवर कायमची बसवली आणि गिटार स्टँडवर उभी केली. आता एक बटण दाबले की वाजवता येते. कामावरून आल्यावर चहाचे आधण ठेवते आणि उकळी फुटेपर्यंत वाजवते. पुष्कळदा चहा झाल्यावरही हात थांबत नाही. पूर्वी कपाटावरून गिटार काढून सगळे जोडण्यातच उत्साह संपत असे.

डिले या दुसऱ्या पेडलविषयी आईला सांगायचे आहे, कारण तिला ते माझ्याहून चांगले कळेल. वाजवलेला सूर हे पेडल ठरावीक वेळाने परत ऐकवते. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. डिले पाऊण मात्रेवर, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांवर लावून मी दुगुण, म्हणजे मात्रेला दोन सूर वाजवते, तेव्हा परत येणारे सूर माझ्या सुरांच्या बरोबर मध्ये पडतात आणि ऐकणाऱ्याला चौगुण, म्हणजे मात्रेला चार सूर ऐकू येतात. मात्र माझा हात जरा जरी पुढेमागे झाला की ती जाळी लगेच विस्कटते. आई मला लहानपणी टाळी देऊन लय धरायला बसवायची, तेव्हा मी कंटाळून उठून जायचे. आता तेच काम मी रोज आपणहून करते.

तिसरे पेडल लूपर, भरून ठेवलेले वादन पुन्हा पुन्हा ऐकवणारे. त्यात चार कॉर्डचे आवर्तन भरून ठेवायचे आणि समेवर पायाने बटण दाबायचे. पाय उशिरा पडला तर तेवढी फट प्रत्येक आवर्तनात पुन्हा पुन्हा ऐकावी लागते, आणि ती कानाला इतकी खुपते की मी पुसून नव्याने भरते. पहिल्या महिन्यात एका संध्याकाळी पंधरा-वीस वेळा पुसत होते, हल्ली दोन-तीन वेळांत जमते.

बाबा, मध्यंतरी मी एक रिव्हर्बही आणले होते. आवाज मोठ्या देवळात घुमल्यासारखा सुंदर यायचा, पण ते लावल्यावर माझे हात आळसावले. काहीही वाजवले तरी गोडच वाटू लागले. ते मी विकून टाकले. आता या तीन पेट्यांत भर घालणार नाही, असे ठरवले आहे.

दिवाळीत येताना लूपर सोबत आणीन. त्यात गिटारवर षड्ज-पंचम भरून ठेवला तर आईला सकाळी त्यावर गाता येईल असे वाटते, आणि तिच्यामागे मला थोडे वाजवूनही बघायचे आहे. त्यासाठी आधी तारा जुळवून सराव करावा लागेल. म्हणून आईची पट्टी अजून काळी चारच आहे, की आता खाली घेतली आहे, तेवढे कळवा.

तुमची,
ताई