फोटोखाली नाव का नाही?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींवरचा लेख वाचला. लेखकाचं नाव ठळक, वास्तुविशारदांची नावं मजकुरात, २०१८ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाल्याचीही नोंद. पण अर्धं पान व्यापणाऱ्या राजाबाई टॉवरच्या फोटोखाली नुसतं 'संग्रहित छायाचित्र'. इमारतींचे फोटो काढूनच पोट भरलं असल्यामुळे मला हे खुपलं.

फोटो काढणारा मुरलेला आहे. ८५ मीटरचा मनोरा मावावा म्हणून कॅमेरा वर रोखला की मनोरा मागे कलंडल्यासारखा दिसतो. इथे कडा ओळंब्यात आहेत. म्हणजे कॅमेरा न कलवता दृश्य वर सरकवणारी शिफ्ट लेन्स वापरली, नाहीतर नंतर संगणकावर बसून सरळ केलं. ऊन पश्चिमेचं, तिरपं. टॉवरच्या मैदानाकडच्या अंगाला ते दुपार कलल्यावरच मिळतं. समोरच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींच्या रांगेवर मात्र सकाळी पडतं, त्यामुळे दोन्ही बाजू हव्या असतील तर दोनदा यायचं. शिवाय ट्रायपॉड उघडला की सुरक्षारक्षक हजर!

'इमारत तर तिथेच उभी आहे, त्यात तुमचं काय?' हे आयुष्यभर ऐकलं. छायाचित्रकार ल्युसियाँ एर्वे यांनी १९४९ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयला जाऊन वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीचे एका दिवसात ६५० फोटो काढले. ते पाहून कॉर्बुझिए यांनी त्यांना आपले छायाचित्रकारच करून टाकलं. पुढे कॉर्बुझिए यांचं चंडीगडही एर्वेंनी टिपलं. हा गृहस्थ प्रिंटला चक्क कात्री लावायचा. एखादा कोपरा, एखादी सावली ठेवायची, बाकी छाटून टाकायचं. काय छाटायचं हे इमारत थोडंच सांगते?

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात वास्तू आणि छायाचित्र 'कलाकृती'च्या एकाच व्याख्येत बसतात. फोटोत कलागुण आहेत की नाहीत, हेही कायदा विचारत नाही. कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी कर्ता म्हणून नाव सांगण्याचा अधिकार उरतो.

संग्रहातले जुने फोटो कोणी काढले, ती नावं हरवली असतील, मान्य. तरी प्रिंटच्या पाठीवरचा छायाचित्रकाराच्या नावाचा शिक्का एकदा पाहून घ्यावा. आम्ही तो न विसरता मारत असू. नव्या फोटोंची नावं तर तुमच्याच लेखा विभागात, बिलांवर सापडतील.

आपला,
एक निवृत्त छायाचित्रकार, दादर