मॉरिशसला गेलेला पूर्वज आडनावाने सापडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मॉरिशसच्या सहलीवर लेख होता. समुद्रकिनारे, गंगा तलाव, सात रंगांची माती वगैरे ठीक. पण ‘पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर जाऊन आपल्या आडनावाचा पूर्वज शोधा’ या सल्ल्याने वाचकांचा एक दिवस फुकट जाईल. घाट जरूर पाहावा. १८४९ मध्ये बांधलेला हा गिरमिटियांचा, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचा डेपो २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि त्याच्या सोळा पायऱ्या अजून शाबूत आहेत. मात्र माणसांची नोंद असलेली जुनी बाडे तिथे नाहीत. ती सुमारे दहा किलोमीटरवर मोका येथे, महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात आहेत.

दुसरी अडचण आडनावाची. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदुस्थानी मजूर या बेटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेले बहुतेक १८६० च्या दशकापर्यंतच गेले. त्यांत मोठा भरणा रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचा, काही सातारा-कोल्हापूरचे. कारकुनाने लिहिले ते माणसाचे नाव आणि बापाचे नाव. कदम, जाधव, गुरव काही नाही. पुढे मुलाच्या जन्मदाखल्यावर बापाचे किंवा आजाचे नावच आडनाव होऊन बसले. म्हणून तिथल्या मराठी घरांत रामजी, बाबाजी, भिवाजी अशी आडनावे दिसतात. दोन ‘रामजी’ कुटुंबांचे नाते असेलच असे नाही आणि इथल्या ‘शिंदे’ कुटुंबाचा भाऊबंद तिथे ‘शिंदे’ म्हणून मिळणार नाही.

तिथे माणूस ओळखला जातो क्रमांकाने. उतरल्यावर प्रत्येकाला एक आप्रवासी क्रमांक मिळे आणि तो मरेपर्यंत चाले. वह्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत, त्यामुळे क्रमांकावरून आगमनाचे साल अंदाजे ताडता येते. नोंदीत नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवले ते असते. शेऱ्यात मृत्यू किंवा परतीची नोंदही सापडते. तो शेरा आधी वाचावा, कारण आलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोक मायदेशी परतले. घरात ‘मॉरिशसला गेला’ एवढेच ठाऊक असेल, तर तो परत येऊन मुंबईत गिरणीत किंवा गोदीत राहिलेला असू शकतो.

क्रमांक मिळवायचा तो मॉरिशसच्या नागरी नोंदणी कार्यालयातून. तिथल्या हयात वंशजाच्या जन्मदाखल्यापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचे: जन्म, मग आईबापाचा विवाह, मग त्यांचे जन्म. गिरमिटियाच्या स्वतःच्या विवाहाच्या किंवा मृत्यूच्या दाखल्यावर, किंवा त्याच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर, नावापुढे क्रमांक दिसतो. काही जुने दाखले फ्रेंचमध्ये आहेत, पण साचा ठरलेला असल्याने चार-पाच शब्द कळले की काम भागते. साखळी तुटते ती बहुधा विवाहापाशी. देवाब्राह्मणांसमोर झालेले लग्न त्या काळी कायद्याने धरले जात नसे. मुले अनौरस म्हणून लिहिली जात, कधी आईच्या नावावर. बापाचा दाखला मिळत नसेल तर आईच्या नावाने शोधावे, आणि मोठ्याचा दाखला अडला तर धाकट्या भावंडाचा काढावा. पहिले मूल झाल्यावर कित्येक वर्षांनी नोंदणी-विवाह केलेली जोडपी पुष्कळ आहेत.

क्रमांक आणि ही दाखल्यांची चळत घेऊन मोका येथे जावे. अभिलेखागार वाचनालयासारखे खुले नाही. वंशज म्हणून अर्ज करावा लागतो, म्हणून आधी लिहून वेळ ठरवावी. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते, हे तेव्हा जाणाऱ्या मराठी मंडळींनी ध्यानात ठेवावे. १८६७ च्या कायद्यानंतर जुन्या, म्हणजे करार संपलेल्या मजुरांना छायाचित्र लावलेले तिकीट बाळगणे सक्तीचे झाले. पूर्वज तेव्हा बेटावर असेल तर त्याचा चेहरा पाहायला मिळण्याची शक्यता असते. वयावर मात्र विसंबू नये. २०, २५, ३० असे ठोकळ आकडे कारकुनाच्या अंदाजाने पडत. एकाच जहाजात दोन ‘विठू’ निघाले, तर उंची, खूण आणि बापाचे नाव यावरच निवाडा होतो.

१८३४ पूर्वी मुंबईहून शिक्षा भोगायला पाठवलेले कैदी आणि स्वखर्चाने गेलेले व्यापारी या वह्यांत नाहीत. कैद्यांचे कागद तिथल्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात पाहावे लागतात.

आता इकडचे मूळ गाव. लेखात हा भाग एका ओळीत उरकला आहे, आणि खरी फसगत इथेच होते. जिल्ह्याच्या रकान्यात ‘रट्नाघेरी’ असले तरी तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही त्यातच होता, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. सावंतवाडी हे वेगळे संस्थान होते. परगण्याच्या रकान्यात ‘सेव्हर्नड्रूग’, ‘अंजनवेल’, ‘व्हिझियाड्रूग’ असे काही दिसले तर किल्ला शोधत बसू नये. सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग हे त्या काळचे तालुके होते. पहिल्याचा मुलूख ढोबळमानाने आजच्या दापोलीकडे, दुसऱ्याचा गुहागर-चिपळूणकडे, तिसऱ्याचा देवगडकडे. गावाचे नाव इंग्रजी कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले असते, तेव्हा ते मोठ्याने वाचावे आणि त्या तालुक्यातील गावांच्या यादीशी ताडून पाहावे. पाली, नांदगाव अशी नावे पुष्कळ ठिकाणी आहेत. तालुका ठरल्याशिवाय गाडी काढू नये.

जातीचा रकाना नाजूक आहे. मॉरिशसमध्ये ‘मराठी’ हीच एक जमात मानली जाते, त्यामुळे आपण कोणत्या जातीचे हे कित्येक कुटुंबांना ठाऊक नसते आणि दाखला हाती पडल्यावर काही जण चरकतात. कोकणात मात्र वाड्या जातवार आहेत, म्हणून कोणत्या वाडीत विचारायचे ते त्या रकान्यावरूनच कळते. ही माहिती ज्याची त्याने स्वतःपाशी ठेवावी, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये.

गावी पोचल्यावर मॉरिशसला गेलेल्या माणसाचे नाव शोधू नये. रत्नागिरीची जमीन मोजणी १८६६ नंतरची, म्हणजे तो गेल्यानंतरची. त्याचे नाव त्या कागदांत नसतेच, असतात ते त्याचे भाऊ आणि पुतणे. म्हणून बापाच्या नावाने शोधावे. खोती गावांची बोटखते (खोत आणि कुळांच्या हक्कांच्या नोंदी), जुनी फाळणीपत्रके आणि कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, ज्यात जन्म-मृत्यू जातीसह लिहिलेले असतात, हे तीन कागद उपयोगी. बहुतेक मोडी लिपीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा बरोबर न्यावा. कुणबी नोंदी शोधण्याच्या मोहिमेत २०२३ पासून असे पुष्कळ कागद स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आले आहेत. जाण्याआधी तिथे तालुका आणि गावाच्या नावाने चाळणी केली तर एक फेरी वाचते. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या नामावळी (यजमान घराण्यांच्या नोंदवह्या) घराणे यात्रेला गेले असेल तरच कामाच्या. डीएनए चाचणी दोन्हीकडच्या नातलगांनी केली असेल तरच नाते जुळू शकते, एरवी ती प्रदेशापलीकडे फारसे काही सांगत नाही. मॉरिशसमधला झाकरी नाच आणि आपल्या कोकणातली जाखडी एकच आहे, हा पुरावाही तेवढ्याच लायकीचा.

मॉरिशसच्या मराठी बांधवांची इकडे वर्दळ वाढणार हे उघड आहे. मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपतींनी तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड देण्याची घोषणा केली, आणि त्यासाठी हीच दाखल्यांची साखळी लागते. त्यांनी आणि त्यांना घेऊन जाणाऱ्यांनी शिमग्यात यावे. पालखीला मानकरी आणि मुंबईचे चाकरमानी सगळे हजर असतात, एरवी निम्म्या घरांना कुलूप. पहिली चौकशी देवळात करावी: गुरव, मग गावकर, मग वाडीतले सर्वांत वयस्कर माणूस. ‘कोणत्या घरातला एक भाऊ परदेशी गेला आणि आला नाही?’ एवढेच विचारावे. तलाठ्याकडे आधी जाऊन सातबारा मागितला, की हे वाटणी मागायला आले अशी बातमी संध्याकाळच्या आत वाडीभर होते. मग वंशावळ कोणी दाखवत नाही, आणि ज्याच्याकडे ती ट्रंकेत आहे तो तर मुळीच नाही.

आपला,
एक वंशावळ-अभ्यासक, चिपळूण