गच्ची हवी आहे, आणि डिशची जुनी केबल

२५ सप्टेंबर २०१९ ची पुराची रात्र पुण्याच्या आंबिल ओढ्याकाठच्या लोकांना नव्याने सांगायला नको. पाणी दारात शिरलं तेव्हाच ते आलंय हे कळलं. वर कात्रजकडे ओढा फुगतोय एवढी चाहूल खाली अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीत लागली असती, तर निदान म्हातारी माणसं तरी वर नेता आली असती. म्हणून आम्ही काही रहिवाशांनी ओढ्याकडेच्या कुंपणभिंतींवर पाण्याची पातळी मोजणारी छोटी यंत्रं बसवायला घेतली आहेत.

यंत्रं नीट मोजतात. अडतं ते निरोप पोचण्याशी. प्रत्येकात १०० मिलिवॅटचा लोरा (थोड्या विजेत छोटे निरोप लांबवर पाठवणारं रेडिओ तंत्र) ट्रान्समीटर आहे, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात चालणारा. ‘पॉवर वाढवा’ हा सल्ला रोज मिळतो. पण अगदी मोकळ्या जागेतसुद्धा पल्ला दुप्पट करायला पॉवर चौपट लागते, आणि ऊन न दिसणाऱ्या आठवड्यात तो भार उन्हावर भरणाऱ्या सेलला झेपायचा नाही. उंचीला मात्र वीज लागत नाही.

पहिल्या मजल्याच्या खिडकीत रिसीव्हर ठेवला होता, तेव्हा सर आली की निरोप बंद. पाऊस या लहरींना फारसा अडवत नाही, ओली झाडं अडवतात. तोच रिसीव्हर घरात ठेवून अँटेना गच्चीवरच्या टाकीशेजारी पाइपवर चढवला, तरी सुधारणा जेमतेमच. दोष केबलचा निघाला! बारीक आरजी-५८ च्या दहा मीटरमध्ये पाच-सहा डेसिबल जातात, म्हणजे अँटेनाने पकडलेल्यातलं जवळपास तीन-चतुर्थांश वाटेतच जिरतं. डिश टीव्हीच्या आरजी-६ मध्ये तेवढ्याच लांबीला दोनेक डेसिबल. ती ७५ ओहमची, आमची यंत्रं ५० ची, म्हणजे जोडणी तंतोतंत जुळत नाही. जाणकार नाक मुरडतील, पण त्यापायी डेसिबलभरही जात नाही.

तेव्हा पैसे नकोत. डिश काढून टाकली असेल तर तिची केबल द्या. पद्मावती ते अरण्येश्वर या टप्प्यात दुवा तुटतो, तिथे चौथ्या मजल्यावरची एक गच्ची, एक प्लग पॉइंट आणि कमिटीची संमती हवी. पाइप आणि अर्थिंग आम्ही करू. कुणाकडे नॅनो-व्हीएनए (अँटेना आणि केबल तपासायचं छोटं यंत्र) असेल, तर तो एका रविवारपुरता मागतो.

अँटेना मात्र विकत आणून देऊ नका. घरच्या वायरिंगची तांब्याची तार, सव्वाआठ सेंटीमीटरची एक उभी, तेवढ्याच चार खाली वाकवलेल्या. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तयार होतो. ‘जास्त डीबीआय’चे (डीबीआय म्हणजे अँटेना एका दिशेला किती जोर एकवटतो त्याचं माप) लांब दांडे लहर आडवी चपटी करतात. उंच गच्चीवरून ते लांबचं ऐकतील, पायथ्याशी ओढ्याकाठचं यंत्र नेमकं सुटेल.

केबल सोसायटीच्या वॉचमनकडे अंदाजे लांबीची चिठ्ठी लावून ठेवा. टोकाचे एफ-कनेक्टर काढू नका, तेही लागतात. हिरवं पडलेलं टोक असेल तर आम्ही कापून घेऊ.